एचओएने सरकारी आपत्कालीन कर्जासाठी अर्ज करावा का?

खजिनदार_नाइलाजाने
१२ एप्रिल २०२०, रात्री ९:४०

मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्यांपैकी कोणी आपल्या एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी) बोर्डावर आहे का? असाल तर सल्ला हवाय. नसाल तरी मत द्याच, त्यासाठी माहिती असायची अट इथे कधीच नव्हती.

आमची वसाहत मध्य न्यू जर्सीत. २१२ टाउनहाउसं, महिना २८५ डॉलर मेंटेनन्स. मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून मला खजिनदार केलं गेलं, आयडीवरून कळलंच असेल. नेहमी सात-आठ घरं थकबाकीत असतात. आता लॉकडाउनमुळे निम्म्या गल्लीच्या नोकऱ्या डळमळीत आहेत. एक जण एअरलाइनमधला, दोघांची हॉटेलं, एकीचं सलोन. मे महिन्यात किती चेक येतील याचा काही भरवसा नाही. कचरा, विमा, गवत, रस्त्यावरचे दिवे यांची बिलं मात्र थांबत नाहीत. रिझर्व्ह फंडाला हात लावला तर पुढच्या वर्षीची छपरं राहिली.

आमचे अध्यक्ष म्हणतात की केअर्स कायद्याखाली (कोविड मदतीचा नवा कायदा) सरकार पैसे वाटतंय, पीपीपी (पगारांसाठीचं, माफ होऊ शकणारं कर्ज) आणि ईआयडीएल (आपत्तीतलं सरकारी कर्ज) दोन्हीकडे अर्ज टाकू, मिळाले तर मिळाले. बँकेत विचारलं तर एका बाई 'हो' म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी त्याच शाखेतले गृहस्थ 'नाही' म्हणाले.

गुरुवारी झूमवर मतदान आहे. अर्ज करावा का?

---

पुणेरी_चष्मा
१२ एप्रिल २०२०, रात्री १०:०५

हाउसिंग सोसायटीला सरकार कर्ज देतं?? आमच्याकडे सोसायटीने सरकारकडे नुसता अर्ज केला तरी तीन प्रतींत मागतात.

---

ठाणेकर_सचिव
१३ एप्रिल २०२०, सकाळी ८:१२

मी सोसायटीचा सचिव आहे, ६४ फ्लॅट. सरकारकडून एक रुपया नाही आणि अपेक्षाही नाही. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. लोकांनी त्याचा अर्थ मेंटेनन्सही माफ असा काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज समजावतोय की बाबांनो, ती सवलत बँकेच्या कर्जाला आहे, लिफ्टच्या लाइट बिलाला नाही.

दोन वॉचमन गावी जाता आलं नाही म्हणून इथेच अडकलेत. मीटर रूमशेजारी झोपतात. विंगप्रमाणे डबे लावून दिलेत. परवा बी विंगवाल्यांनी सलग तिसऱ्यांदा दुधीभोपळा पाठवला तेव्हा त्यातला एक माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "साहेब, आमचं खाणं ए विंगकडे द्या ना."

@खजिनदार, तुमच्याकडे थकबाकीवर व्याज लावत नाहीत का? आमच्या उपविधीत २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं.

---

सीपीए_सायलेंट
१३ एप्रिल २०२०, संध्याकाळी ७:३०

मुद्द्याचं बोलतो.

पीपीपी: रक्कम ठरते ती सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीच पट. तुमच्या एचओएच्या स्वतःच्या पगारपत्रकावर किती माणसं आहेत? मॅनेजर मॅनेजमेंट कंपनीचा, गवत कापणारे कंत्राटदाराचे, पूलवरचे लाइफगार्ड पूल कंपनीचे. म्हणजे शून्य. शून्याची अडीच पट किती, हे अध्यक्षांना विचारा. त्या माणसांसाठी अर्ज करायचाच तर तो त्यांच्या कंपन्या करतील.

शिवाय तुम्ही फॉर्म ११२०-एच, म्हणजे एचओएंचा टॅक्स रिटर्न, भरत असणार. तो कलम ५२८ खालचा. पीपीपीत ज्या ना-नफा संस्था घेतल्यात त्या ५०१(सी)(३) आणि माजी सैनिकांच्या ५०१(सी)(१९). तुम्ही त्यात बसत नाही.

ईआयडीएल वेगळं. ते एसबीएकडून (छोट्या उद्योगांसाठीची सरकारी संस्था) थेट मिळतं, मध्ये बँक नाही. ३० वर्षांची मुदत, व्यवसायांना ३.७५ टक्के, ना-नफा संस्थांना २.७५. एचओए राज्याच्या कायद्याखाली ना-नफा म्हणून नोंदलेली असेल तर अर्ज करता येतो. पण ते कर्ज आहे. पीपीपीसारखं माफ होत नाही. त्यासोबतचा दहा हजारांपर्यंतचा अ‍ॅडव्हान्स फेडावा लागत नाही, पण आता तोही माणशी एक हजार केलाय. तुमच्याकडे माणशी म्हणजे पुन्हा शून्य.

---

पुणेरी_चष्मा
१३ एप्रिल २०२०, संध्याकाळी ७:४४

सायलेंट नाव ठेवून एवढं बोलता, लाउड असता तर काय झालं असतं!

---

क्वीन्सची_मावशी
१३ एप्रिल २०२०, रात्री ११:२०

आमची कथा उलटी आहे. मी क्वीन्समध्ये कोऑप बिल्डिंगमध्ये राहते. इथे घर आपल्या नावावर नसतं, बिल्डिंग चालवणाऱ्या कंपनीचे शेअर आपल्या नावावर असतात. आणि आमच्याकडे खरोखरचे पगारी लोक आहेत: सुपर (बिल्डिंगची देखभाल बघणारा), दोन पोर्टर, तीन डोअरमन. सगळे ३२बीजे युनियनचे. गेले काही आठवडे ही माणसं रोज येऊन लिफ्टची बटणं पुसतायत, आजारी लोकांच्या दारात किराणा ठेवतायत. रात्रभर अँब्युलन्सचे आवाज. एल्महर्स्ट हॉस्पिटल इथून लांब नाही.

यांच्या पगारासाठी आम्ही पीपीपीचा अर्ज केला तर उत्तर आलं की तुम्ही 'पॅसिव्ह' रिअल इस्टेट, म्हणजे भाडं खाणारे. अहो, आम्ही कोणाचं भाडं खातो? आम्हीच राहतो, आम्हीच भरतो!

तेव्हा सायलेंटभाऊ, तुमचा हिशोब टाउनहाउसला बरोबर आहे. सरसकट सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

---

सीपीए_सायलेंट
१४ एप्रिल २०२०, सकाळी ७:०२

@मावशी, मान्य. तुमच्या बिल्डिंगला पीपीपी मिळायला हवं. नियमात बसत नाही हे नियमाचं अपयश.

---

कलम_आणि_कागद
१४ एप्रिल २०२०, रात्री ८:५०

मी वकील नाही, पण माझा नवरा आहे आणि तो आमच्या काँडो (फ्लॅट ज्याचा त्याच्या नावावर, बाकी इमारत सामायिक) बोर्डाचा अध्यक्ष आहे. त्यामुळे हे सगळं जेवताना ऐकावं लागतं.

@खजिनदार, अर्जाआधी तुमचे गव्हर्निंग डॉक्युमेंट्स काढा. बऱ्याच ठिकाणी बोर्डाला स्वतःच्या अधिकारात ठरावीक रकमेपर्यंतच कर्ज काढता येतं, त्यापुढे घरमालकांचं मतदान लागतं. झूमवर पाच जणांनी हात वर करून भागत नाही.

दुसरं, ईआयडीएल २५ हजारांच्या वर गेलं की एसबीए तारण मागते. तुमच्या एचओएकडे तारण द्यायला आहे काय? रस्ता आणि पूल कोणी जप्त करत नाही. तारण म्हणजे येणारा मेंटेनन्स. लोकांनी अजून न भरलेले पैसे तुम्ही गहाण टाकताय.

तिसरं, ठाणेकरांनी सांगितलं तोच घोळ इथेही आहे. केअर्स कायद्याने फेडरल हमी असलेल्या घरकर्जांना १८० दिवस फॉर्बेअरन्स (हप्ते थांबवायची सवलत) दिलाय, आणखी १८० वाढवता येतो. तो बँकेचा हप्ता. एचओएचे पैसे त्यात नाहीत. लोकांना हे पत्राने कळवा. साध्या भाषेत, वकिलाच्या नको.

चौथं, आणि हे कोणी बघत नाही: ६० दिवसांच्या वर थकलेली घरं १५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर काँडो प्रोजेक्टमध्ये फॅनी मेच्या (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) नियमात बसणारं कर्ज नव्या खरेदीदाराला मिळणं अवघड होतं. तुमच्या आकाराच्या काँडोत ती वेळ ३२ घरांवर येईल. टाउनहाउसची जमीन ज्याच्या त्याच्या नावावर असेल तर नियम सैल आहेत. तुम्ही नक्की काय आहात ते बघा. खरी काळजी त्या आकड्याची करा, बिलांची नंतर.

---

स्पष्ट_बोलणारा
१५ एप्रिल २०२०, दुपारी १२:१५

मला हा सगळा धागाच विचित्र वाटतोय. एडिसनमध्ये माझ्या मित्राचं छोटं रेस्टॉरंट आहे. नऊ माणसं कामाला. ३ एप्रिलपासून बँकेच्या पोर्टलवर रिफ्रेश मारतोय. आणि इथे स्विमिंग पूलवाल्या वसाहती त्याच रांगेत उभ्या राहायच्या गोष्टी करतायत!

एचओए बंद पडत नाही. त्यांचं गिऱ्हाईक कुठे जाणार? घर उचलून?

---

खजिनदार_नाइलाजाने
१५ एप्रिल २०२०, रात्री ९:३०

@स्पष्ट, पूल बंद आहे हो. आणि आमच्या गल्लीत तुमच्या मित्रासारखेच लोक राहतात. त्यांचं दुकान बुडालं की पहिला थकतो तो आमचा मेंटेनन्स, कारण बँकेपेक्षा शेजारी कमी ओरडतात.

@ठाणेकर, आमच्याकडे लेट फी आहे, पण साथीत ती लावू नये असं माझं मत. अध्यक्षांचं नाही.

---

वेंगुर्लेकर_डॅलस
१५ एप्रिल २०२०, रात्री १०:१०

आमची एचओए गेल्या वर्षी दारासमोर रांगोळी काढली म्हणून 'अनधिकृत ड्राइव्हवे मार्किंग'ची नोटीस पाठवत होती. बुडाली तर मी पेढे वाटीन. कर्ज कसलं देताय?

---

पुणेरी_चष्मा
१५ एप्रिल २०२०, रात्री १०:१२

+१. पेढे सॅनिटाइज करून वाटा.

---

स्पष्ट_बोलणारा
१७ एप्रिल २०२०, सकाळी ९:००

काल पीपीपीचे ३४९ अब्ज संपले. दोन आठवडेसुद्धा टिकले नाहीत. मित्राचा अर्ज 'प्रलंबित'. बाकी चालू द्या.

---

ठाणेकर_सचिव
२३ मे २०२०, दुपारी ४:४०

इकडची खबर. केंद्राने तीन लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी जाहीर केली, ईसीएलजीएस. आमच्या कमिटीतल्या एका उत्साही सभासदाने विचारलं, आपल्यालाही मिळेल का? ती उद्योगांसाठी, त्यातही ज्यांचं आधीचं कर्ज चालू आहे त्यांना, थकीत रकमेच्या २० टक्के. सोसायटीला लागू नाही. सभासद नाराज. त्यांना म्हटलं, आधी तुमचा एप्रिलचा मेंटेनन्स भरा, तीच आपत्कालीन मदत.

अवांतर: ओळखीच्या एका सोसायटीचा सिंकिंग फंड एका सहकारी बँकेत ठेवलेला, तिच्यावर गेल्या वर्षी निर्बंध आले. पैसे आहेत पण काढता येत नाहीत. पावसाळा तोंडावर, गच्ची गळतेय. सभासदांनी प्रत्येकी पाच हजार उसने दिले आणि वॉटरप्रूफिंग करून घेतलं. रजिस्टरमध्ये नोंद, सही, संपलं.

---

फोर्ट_मायर्सचा_बाप्या
१९ जुलै २०२०, संध्याकाळी ६:१५

उशिरा आलो. फ्लोरिडा, ९६ युनिटांचा काँडो, निम्मे मालक फक्त हिवाळ्यात येणारे. आमच्या बोर्डाने अर्ज केला आणि ईआयडीएल मिळालं, दीड लाख डॉलर. आता तीच कमाल मर्यादा आहे. पहिला हप्ता एक वर्षानंतर, महिना ६४१. म्हणजे युनिटमागे सात डॉलरसुद्धा नाहीत. इथे लोक उगाच घाबरवतायत. एवढ्या स्वस्तात ३० वर्षांसाठी कोण देणार?

---

सीपीए_सायलेंट
१९ जुलै २०२०, रात्री ८:०१

@बाप्या, अभिनंदन. तुमची वसुली कितीने घटली होती?

---

फोर्ट_मायर्सचा_बाप्या
१९ जुलै २०२०, रात्री ८:२०

फार नाही. पण पुढे घटली तर? हाताशी असलेले बरे.

---

सीपीए_सायलेंट
१९ जुलै २०२०, रात्री ८:२४

करारात 'फक्त खेळतं भांडवल' असं लिहिलंय. हाताशी ठेवा, पण दुसरीकडे वळवू नका. पावत्या जपा.

---

खजिनदार_नाइलाजाने
७ सप्टेंबर २०२०, सकाळी १०:३०

राहिलेली गोष्ट सांगतो. एप्रिलमध्ये मतदान ३-२ झालं, अर्ज न करण्याच्या बाजूने. अध्यक्ष अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

त्याऐवजी पत्र पाठवलं: अडचण असेल तर कळवा, लेट फी नाही, सहा महिन्यांत हप्त्याने भरा. कलम_ताईंनी सांगितलं तसं सोप्या भाषेत, आणि गुजराती, तेलुगू, स्पॅनिशमध्येही. थकलेली घरं जूनमध्ये १९ वर गेली, त्यानंतर उतरली. कारण आमची हुशारी नाही. बेकारभत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा येत होते, १२०० चा चेक आला. एअरलाइनवाल्याने तर थकलेले सगळे एकदम भरले. सरकारची मदत आमच्यापर्यंत आली, फक्त ती घराघरातून आली. जुलैअखेर ते ६०० बंद झालेत, त्यामुळे पुढचं सांगता येत नाही.

पूल यंदा उघडलाच नाही. राज्याने जूनमध्ये परवानगी दिली, पण विमा कंपनी कोविडचं दायित्व घेईना. पोरं चिडली. लाइफगार्डच्या कंत्राटातले थोडे पैसे वाचले, ते निर्जंतुकीकरणात गेले.

---

वेंगुर्लेकर_डॅलस
७ सप्टेंबर २०२०, दुपारी १:००

चार भाषांत पत्र आणि मराठीत नाही? निषेध.

---

खजिनदार_नाइलाजाने
७ सप्टेंबर २०२०, दुपारी १:०६

मराठी घर एकच आहे. माझं. आणि मी वेळेवर भरतो.

---

क्वीन्सची_मावशी
१६ जानेवारी २०२१, रात्री ९:१५

धागा वर काढतेय कारण बातमी आहे! २७ डिसेंबरला नवा कायदा झाला त्यात हाउसिंग कोऑपचं नाव घालून पीपीपी दिलंय, ३०० पर्यंत कर्मचारी असतील तर. या आठवड्यात अर्ज सुरू झाले. न्यूयॉर्कच्या कोऑपवाल्यांनी वर्षभर आपापल्या काँग्रेसमनच्या कचेऱ्यांत फोन करकरून हे घडवलं. आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा, वय ८१, आठवड्यातून दोनदा फोन करायचे. पलीकडची मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली होती.

पण गंमत बघा. काँडोचं नाव नाही. आमच्या समोरच्या काँडोमध्येही तीन डोअरमन, त्याच युनियनचे, त्याच पगाराचे. रस्त्याच्या या बाजूला पात्र, त्या बाजूला अपात्र!

---

कलम_आणि_कागद
१७ जानेवारी २०२१, सकाळी ८:३०

@मावशी, हे जुनंच दुखणं. सँडी वादळ आलं २०१२ ला, तेव्हा फेमाचं (आपत्तीत मदत करणारी केंद्रीय संस्था) अनुदान स्वतंत्र घरवाल्याला मिळालं. कोऑप आणि काँडोच्या सामायिक भागाला, म्हणजे छप्पर, बॉयलर, लॉबी यांना, नाही. का, तर असोसिएशन म्हणजे व्यवसाय, त्यांनी एसबीएकडे कर्जाला जावं. आणि पीपीपीच्या वेळी म्हणे तुम्ही व्यवसाय नाही! अनुदान मागितलं की धंदा, पगार मागितला की घर. न्यूयॉर्कचे काँग्रेसमन जेरी नॅडलर यांनी हा भेदभाव काढायचं विधेयक आणलं, पुन्हा पुन्हा आणलं. अजून तिथेच आहे.

---

क्वीन्सची_मावशी
३० सप्टेंबर २०२१, रात्री १०:००

आमचं पीपीपी मिळालं आणि पूर्ण माफही झालं. किमान ६० टक्के पगारावर खर्च करायची अट होती, आम्ही सगळंच पगारावर केलं. डोअरमनपैकी एकालाही कमी करावं लागलं नाही. सायलेंटभाऊंनी फॉर्म तपासून दिला होता, फुकट. त्यांना तिळगूळ पाठवला तर म्हणे शुगर आहे.

---

फोर्ट_मायर्सचा_बाप्या
११ मार्च २०२४, रात्री ११:४५

जुना धागा शोधून काढला. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आमच्या दीड लाखांचं काय झालं? वसुली कधी घटलीच नाही. पैसे खात्यात पडून होते. २०२१ मध्ये तेव्हाच्या बोर्डाने पूलभोवतीच्या फरशा बदलल्या. मी मीटिंगमध्ये म्हटलं की हे खेळतं भांडवल नाही. मला सांगितलं, 'देखभाल' म्हणून दाखवू.

एसबीएने हप्ते ३० महिने पुढे ढकलले. छान वाटलं. पण व्याज चालू होतं. ३० महिन्यांचं २.७५ टक्क्यांनी दहा हजारांच्या वर गेलं. ६४१ भरतो त्यातले साधारण ३४४ चालू व्याजाचे, उरलेले मागच्या व्याजाचे. जानेवारी २०२३ पासून भरतोय, मुद्दलाला अजून हात लागलेला नाही. पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत लागणारही नाही.

तरी युनिटमागे सात डॉलर, हे अजूनही खरं. दुखलं ते दुसरीकडे.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आलं. आमची नऊपैकी सहा छपरं गेली. विमा होता, पण वादळासाठीचं डिडक्टिबल विमा रकमेच्या ३ टक्के. २.४ कोटींचा विमा, म्हणजे ७ लाख २० हजार आम्ही आधी भरायचे. बँक द्यायला तयार होती. तिला तारण काय? येणारा मेंटेनन्स, त्यावर पहिला हक्क. आणि पहिल्या हक्कावर एसबीए बसलेली, त्या फरशांसाठी! एसबीएने मागे सरकावं म्हणून अर्ज केला. फॉर्म, ताळेबंद, ठराव, पुन्हा तोच फॉर्म नव्या तारखेने. महिने गेले. छपरांवर निळी ताडपत्री. माझ्या वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या बेडरूममध्ये बादली, आणि ताडपत्री वाऱ्याने फडफडायची त्याने त्यांना रात्रभर झोप नाही. शेवटी प्रत्येक युनिटवर साडेसात हजारांची स्पेशल असेसमेंट, म्हणजे एकदाची जादा वर्गणी.

---

पुणेरी_चष्मा
१२ मार्च २०२४, सकाळी ७:३०

बाप रे. एरवी इथे मी काहीतरी टिंगल करतो, आज नाही. त्या आजी कशा आहेत?

---

फोर्ट_मायर्सचा_बाप्या
१२ मार्च २०२४, सकाळी ८:१०

ठीक आहेत. मुलाकडे ओहायोला गेल्या. युनिट विकलं.

---

कलम_आणि_कागद
१२ मार्च २०२४, रात्री ९:००

@बाप्या, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. दोन पुरवण्या.

एक, वादळात इमारतीचं नुकसान झालं तर असोसिएशनला एसबीएचं वेगळं कर्ज मिळतं, भौतिक नुकसानीसाठी, २० लाख डॉलरपर्यंत. कोविडचं ईआयडीएल आणि हे यांत गल्लत करू नका. मात्र विम्याचे पैसे ज्या नुकसानीला मिळाले त्यालाच पुन्हा कर्ज नाही.

दोन, स्पेशल असेसमेंट जर त्याच आपत्तीच्या नुकसानीसाठी असेल, तर मालक आपल्या वाट्यापुरतं स्वतः एसबीएकडून कमी व्याजाचं कर्ज मागू शकतो. ही मुदत घोषणेपासून थोड्या महिन्यांची असते आणि बहुतेक बोर्डं असेसमेंटच मुदत संपल्यावर लावतात. पुढच्या वेळी असेसमेंटचं पत्र लवकर काढा, आकडा नंतर दुरुस्त करता येतो.

---

स्पष्ट_बोलणारा
१२ मार्च २०२४, रात्री ९:४०

मी २०२० मध्ये हेच म्हणत होतो.

---

सीपीए_सायलेंट
१२ मार्च २०२४, रात्री ९:४३

नाही. तुम्ही म्हणत होतात की एचओएला मागायचा अधिकारच नाही. मावशींच्या बिल्डिंगला होता, आणि त्या पैशांनी सहा नोकऱ्या टिकल्या. बाप्यांच्या बोर्डाला गरज नव्हती. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

तुमच्या मित्राचं रेस्टॉरंट आहे का अजून?

---

स्पष्ट_बोलणारा
१२ मार्च २०२४, रात्री ९:५८

आहे. दुसऱ्या फेरीत मिळालं त्याला. मिसळ चांगली करतो, या कधी.

---

खजिनदार_नाइलाजाने
१३ मार्च २०२४, रात्री १०:२०

माझाच धागा, चार वर्षांनी. अजून खजिनदार आहे, कोणी दुसरं उशिरा येतच नाही.

मूळ प्रश्नाला आता माझं उत्तर: पगारपत्रक असेल आणि माफ होणारी मदत असेल तर जरूर अर्ज करा. नुसती 'हाताशी रक्कम' हवी असेल तर सरकारी कर्ज घेऊ नका. मी तेव्हा व्याजदर बघत होतो. बघायला हवं होतं ते हे की मेंटेनन्स एकदाच गहाण टाकता येतो आणि छप्पर कधी उडेल ते आपण ठरवत नाही. आपत्कालासाठी बँकेकडून लाइन ऑफ क्रेडिट (लागेल तेव्हाच उचलायचं कर्ज) आधीच मंजूर करून ठेवा. वापरली नाही तर खर्च किरकोळ.

न्यू जर्सीवाल्यांसाठी: फ्लोरिडात सर्फसाइडची काँडो इमारत २०२१ मध्ये कोसळली, ९८ माणसं गेली. तिथे दीड कोटी डॉलरची स्पेशल असेसमेंट मंजूर झालेली होती, हप्ते सुरू व्हायचे होते. त्यानंतर आपल्या राज्यानेही या जानेवारीत कायदा केलाय. गेल्या पाच वर्षांत रिझर्व्ह स्टडी झाला नसेल तर वर्षभरात करून घ्यावा लागेल. आणि इमारतीच्या मुख्य भार पेलणाऱ्या भागाची दुरुस्ती तातडीची ठरली तर बोर्ड मालकांच्या मतदानाशिवायही कर्ज काढू शकतं. म्हणजे कलम_ताईंचा २०२० चा पहिला मुद्दा तेवढ्यापुरता बदलला.

---

ठाणेकर_सचिव
१४ मार्च २०२४, सकाळी ८:०५

रिझर्व्ह स्टडी म्हणजे इंजिनीअर येऊन सांगणार किती वर्षांत काय बदलायचं आणि किती साठवायचं, हेच ना? आमच्याकडे उपविधीत बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के सिंकिंग फंड, ०.७५ दुरुस्ती निधी. इमारत १९८८ ची, बांधकाम खर्च त्या काळचा. त्या ०.२५ टक्क्यांत आता गच्चीचा एक कोपरासुद्धा होत नाही. तुमच्या इंजिनीअरचा रिपोर्ट कसा असतो, नावं खोडून एखादा नमुना टाकाल का? एप्रिलमध्ये सभा आहे.

---

खजिनदार_नाइलाजाने
१४ मार्च २०२४, सकाळी ८:३१

टाकतो. ४६ पानं आहेत. त्यातली ९ पानं फक्त टपालपेट्यांवर आहेत, ती सोडून वाचा.